मास्तरांचा उजवा पाय

"हा बघा, हा बघा! आता बायको चहा ओतेल आणि हा ओरडेल!" असं म्हणत मास्तरांनी मोबाईल पाण्याच्या जगला टेकवून जेवणाच्या टेबलावर मधोमध उभा केला.

पडद्यावर चित्रातला एक माणूस होता. डोक्यावर चार केस, पट्ट्याच्या बाहेर आलेलं पोट आणि डाव्या पायाच्या तिप्पट मोठा उजवा पाय. बायको त्याच्या कपात चहा ओतत होती. कप भरत आला तसा तो ताडकन उठला, तो अगडबंब पाय त्याने जमिनीवर दाणकन आपटला आणि किंचाळला, "ब्रेक! ब्रेक! कप संपला! पुढे बशी आहे, बशी!"

मास्तरांची हसून हसून मुरकुंडी वळली. डोळे पुसत ते म्हणाले, "ब्रेकराव म्हणे! काय नाव शोधलंय! पण मी म्हणतो, असा माणूस असतो का कुठे? घरच्यांनी राहायचं तरी कसं ह्याच्याबरोबर?"

घरच्यांनी ह्यावर काहीच मत दिलं नाही. आईला जोरात ठसका लागला. लेकीने मान इतकी खाली घातली की नाक ताटात बुडायचंच बाकी राहिलं.

"अगं, पाणी पी!" मास्तर बायकोला म्हणाले. "पण हळू! आधी श्वास, मग घोट! एकदम गिअर टाकू नकोस!" आणि टेबलाखाली त्यांचा उजवा पाय दाणकन आपटला.

आता काय सांगायचं! मास्तर ड्रायव्हिंग स्कूल चालवत. स्कूल म्हणजे एक खोली, खोलीच्या भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि दारात एक गाडी. ह्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक होता. शिकणारा गडबडला की मास्तरांनी आपला ब्रेक दाबायचा, म्हणजे सगळे वाचतात. ह्या एका ब्रेकवर मास्तरांनी आयुष्यभरात किती भिंती, किती कुत्री आणि किती भाजीवाले वाचवले असतील ते देवालाच ठाऊक. पण त्यामुळे पायाला खोड लागली. बसमध्ये बसले तरी पाय दाबायचे. सिनेमात नायक पळायला लागला की दाबायचे. घरातल्या सोफ्यापुढच्या गालिच्याला त्यांच्या उजव्या पायाखाली भोक पडलं होतं आणि मास्तरांचं म्हणणं, "हल्ली मालच असला येतो." शेवटी आईने जुन्या पडद्याचा पोपटी तुकडा घेऊन तिथे ठिगळ लावलं.

पायाची खोड तोंडालाही लागली होती. लेक जिना उतरायला लागली की वरून हाक यायची, "पायरी! पायरी बघ!" टेबलाच्या कडेला पेला दिसला की "काठ! काठ!" स्वयंपाकघरातून ती गरम पातेलं घेऊन निघाली की "हॉर्न दे! वळणावर हॉर्न दे!" शिवाय एक तक्रार रोजची ठरलेली. "दिवसभर त्या मोबाईलमध्ये डोकं! बाप समोर बसलाय, पण मान वर करून बघायची नाही. ह्या मोबाईलने पोरांना बाप दिसेनासा झालाय!"

गंमत अशी, की मास्तर हे बोलत असताना लेक मान खाली घालून मोबाईलवर हेच वाक्य टिपून घेत असायची. कारण नाव न लावता इंटरनेटवर टाकलेला हा ब्रेकराव तिचाच होता. चित्रं तिची, आवाज तिचाच, फक्त मोबाईलमध्ये जाडजूड करून घेतलेला. आणि ब्रेकरावाच्या बायकोचा आवाज आईचा. तेव्हा आईला ठसका का लागला, हे वेगळं सांगायला नको.

जेवणं आटोपल्यावर लेकीने आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, बाबांच्या हाती हा लागलाच कसा?"

"त्या डॉक्टरबाईंनी पाठवला म्हणे."

ह्या डॉक्टरबाई दातांच्या डॉक्टर. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी त्या मास्तरांकडे गाडी शिकायच्या. एका पेशंटच्या मोबाईलवर त्यांनी ब्रेकराव बघितला आणि पहिल्याच "ब्रेक!"ला मास्तरांना ओळखलं. स्वतःला बघून मास्तर जरा मवाळ होतील, अशा आशेने त्यांनी तो मास्तरांना पाठवून दिला. पण दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, त्याला बिचाऱ्या दाताच्या डॉक्टर काय करणार?

"हसताहेत तोवर हसू दे," आई म्हणाली. "तुझं कॉलेजचं काम झालं की सांगू आपण."

कॉलेजचं काम हीच तर खरी मेख होती. ॲनिमेशन शिकवणाऱ्या एका मोठ्या कॉलेजला लेकीने ब्रेकराव दाखवला होता. त्यांना तो इतका आवडला, की त्यांनी कळवलं, हाच माणूस घेऊन एक नवी फिल्म शुक्रवारपर्यंत करून पाठव. जमली तर जागा तुझी. इकडे मास्तरांनी तिच्यासाठी हिशेबाचा कोर्स पक्का करून ठेवलेला. "सरळ रस्ता आहे. खड्डा नाही, वळण नाही. डोळे मिटून चालवलीस तरी पोचशील." त्यामुळे लेकीने ठरवलं होतं, आधी जागा मिळवू, मग तोंड उघडू. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तशातली गत.

पण मास्तर नुसते हसून थांबणाऱ्यांतले नव्हते. चांगली गोष्ट चार लोकांत वाटावी असा त्यांचा स्वभाव. त्यांनी ब्रेकराव आपल्या आजी-माजी शिष्यांच्या ग्रुपवर टाकला. पटापट उत्तरं आली, "हुबेहूब!" "अगदी तस्सेच!" मास्तरांनी विचारलं, "कोणासारखा?" तर ग्रुपवर एकदम सामसूम. बऱ्याच वेळाने कोणीतरी गुलाबाचं फूल पाठवलं.

ब्रेकरावाखाली लोकांनी लिहिलेलंही मास्तर मोठ्याने वाचून दाखवायला लागले. "हा बघा एकजण लिहितोय, आमचे मास्तर अगदी अस्सेच, मी अजून झोपेत दचकतो! अरेरे! म्हणजे दुसऱ्या स्कूलमध्ये असले लोक शिकवतात. पोरांचे किती हाल होत असतील!"

"बाबा, पुरे ना आता," लेक काकुळतीला येऊन म्हणाली.

"पुरे काय पुरे? चांगलं काहीतरी बघ जरा. असले बाप असतात जगात! नशीब समज, तुझ्या वाट्याला मी आलो."

लेकीने नशीब समजलं.

रविवारी वाहतुकीच्या नियमांचा वर्ग असायचा. मास्तरांनी ओळखीच्या फोटोग्राफरकडून प्रोजेक्टर मागून आणला आणि वर्गात जाहीर केलं, "आज आपण बघणार आहोत, शेजारी घाबरट माणूस बसला की काय होतं!" खिडक्यांचे पडदे ओढले गेले आणि भिंतीवर पुरुषभर उंचीचा ब्रेकराव उभा राहिला. बायकोवर ओरडला, पोरीवर ओरडला, मग सोफ्यावर बसून टीव्हीवरच्या गाड्यांची शर्यत बघत गालिच्याच्या गर्द हिरव्या ठिगळावर पाय आपटायला लागला. वर्गात चिडीचूप. कोणी रुमाल तोंडात कोंबलेला, कोणी छताकडे बघतोय. एकटे मास्तर खो खो हसत होते. शेवटी डॉक्टरबाईंना राहवेना. त्यांच्या तोंडून असा काही आवाज निघाला, की त्या "पेशंट, पेशंट" म्हणत बाहेर पळाल्या. ती लागण सगळ्या वर्गाला झाली.

मास्तरांनी प्रोजेक्टर बंद केला. "आज एवढंच," ते म्हणाले. "हा परत द्यायचाय."

सोमवारपासून मास्तर बदलले.

सकाळी डॉक्टरबाई गाडीत बसल्या आणि बघतात तर मास्तरांनी उजवी चप्पल काढून पाय मांडीखाली दाबून घेतलेला! देवळात बसावं तसे ते आपल्या ब्रेकसमोर अर्धी मांडी घालून बसले होते.

"मास्तर, पाय दुखतोय का?"

"नाही. आजपासून माझा ब्रेक बंद. गाडी तुमची, रस्ता तुमचा. चला."

डॉक्टरबाई चालल्या. चौकापर्यंत नीट चालल्या. चौकात मधोमध फुलझाडांचं गोल बेट होतं, त्याला वळसा घालून जायचं. डॉक्टरबाईंची सगळी मदार मास्तरांच्या ओरडण्यावर. "वळव!" ऐकू आलं की त्या वळवायच्या. आज "वळव" आलंच नाही. त्या वाट बघत राहिल्या आणि गाडी सावकाश, अगदी अदबीने, बेटावर चढून झेंडूच्या वाफ्यात उभी राहिली.

मास्तरांनी डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. मोबाईलवर एक दाढीवाला माणूस रोज सकाळी शांत कसं राहायचं ते शिकवायचा, त्याचा हा श्वास. तो सोडून ते म्हणाले, "छान. नाहीतरी आज रिव्हर्सच शिकवायचा होता."

"मास्तर, तुम्ही मला शिव्या द्या हो!" डॉक्टरबाई रडकुंडीला आल्या. "हे असलं गोड बोलू नका. छातीत धस्स होतं!"

पण काय आश्चर्य! आपल्याला वाचवणारं कोणी नाही म्हटल्यावर डॉक्टरबाईंनी स्वतः आरसा बघितला, स्वतः गिअर टाकला आणि एकही फूल न मोडता गाडी खाली उतरवली. त्या आनंदात त्यांनी मास्तरांचे दात फुकट तपासून द्यायचं कबूल केलं.

डॉक्टरबाईंचं भलं झालं, पण घरी लेकीच्या पायाखालची वाळू सरकली. सोमवार गेला, मंगळवार गेला, मास्तर ओरडेचनात. आणि मास्तर ओरडले नाहीत तर ब्रेकराव बोलणार काय? जुनी वाक्यं सगळी वापरून झालेली. नवी मनाने रचावीत म्हटलं, तर ती अशी मिळमिळीत निघायची, की ब्रेकराव एखाद्या बँकेतल्या पत्रासारखा बोलायला लागायचा. कॉलेजला नवी फिल्म हवी होती आणि शुक्रवार तर तोंडावर आलेला.

"आपणच काहीतरी करू," लेक आईला म्हणाली. "चिडवू त्यांना."

बुधवारी संध्याकाळी मायलेकींनी आघाडी उघडली. लेकीने काचेचा पेला टेबलाच्या अगदी कडेला ठेवला, अर्धा बाहेर. मास्तर आले, पेला बघितला, बोटाने हळूच आत सरकवला आणि पेपर उघडून बसले. मग लेक एक पाय लंगडा असलेल्या स्टुलावर चढली आणि छताची जळमटं काढायला लागली. स्टूल डुगडुगत होतं. मास्तरांनी मान वर केली.

"छान," ते म्हणाले. "उंचावरून सगळं नीट दिसतं."

"बाबा, मी पडेन!"

"पडलीस तर उठशील. तुला वाटेल ते कर, पोरी. मी कोण सांगणारा?"

आता आईने आपला हुकमी पत्ता टाकला. गॅसवर दूध ठेवलं आणि ती शेजारणीशी बोलायला दारात जाऊन उभी राहिली. दूध वर आलं, फसफसलं, ओट्यावरून ओघळून जमिनीवर आलं. मास्तर शांतपणे उठले, गॅस बंद केला, फडकं घेऊन खाली बसले आणि पुसता पुसता म्हणाले, "दूध उतू गेलं तरी माणसाने उतू जाऊ नये."

आई दारातून धावत आली आणि लेकीचा दंड धरून तिला बाजूला नेत म्हणाली, "हे कोण आहेत गं? मी ह्यांच्याशी लग्न केलेलं नाही."

गुरुवारी सकाळी लेक दूध आणायला निघाली. डोक्यात एकच घोर, उद्या शुक्रवार. जिना उतरताना सवयीने तिचे कान वर लागलेले होते, "पायरी!" ऐकायला. हाक आलीच नाही आणि शेवटची पायरी चुकून ती चांगली आपटली. गुडघा सोलवटला. आई आवाज ऐकून खाली आली, तर लेक पायरीवर बसून मुसमुसत होती.

"फार लागलं का गं?"

"नाही," लेक म्हणाली. "आई, मला माझे जुने बाबा पाहिजेत."

"फिल्मसाठी?"

"फिल्मसाठी पण." तिने नाक पुसलं. "पण नुसतं तेवढं नाही गं. ते ओरडायचे तेव्हा जीव नकोसा व्हायचा माझा. आता ओरडत नाहीत, तर घर दुसऱ्याच कोणाचं वाटतं. मी जिन्यावरून खाली आले काय नि गडगडत आले काय, कोणाला काही नाही. मीच केलं हे सगळं. इतक्या लोकांना हसवलं त्यांच्यावर. त्यांना कळलं असेल का गं?"

"छे! कळलं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं."

"माझी जागा गेली तरी चालेल आई, पण त्यांना कळायला नको. त्यांचं तोंड बघवणार नाही मला."

वरच्या दारात मास्तर बुटाच्या नाड्या बांधत बसले होते. त्या दिवशी नाड्यांना जरा जास्तच वेळ लागला.

दुपारी ते अचानक घरी आले आणि किल्ली लेकीपुढे धरून म्हणाले, "चल. गाडी शिकवतो तुला."

अठरा वर्षांची झाल्यापासून लेक ह्यासाठी मागे लागली होती आणि दर वेळी एकच उत्तर यायचं, आधी रस्त्यावर चालायला शीक. तिने शर्टाच्या खिशात मोबाईल टाकला. आवाज टिपायचं बटण दाबून ठेवलं. आशा वेडी असते, दुसरं काय!

मास्तर शेजारी बसले. उजवा बूट काढला, पाय मांडीखाली घेतला. गाडी सुरू झाली, रडतखडत गल्लीतून बाहेर पडली. मास्तर गप्प. दवाखाना गेला, पोस्ट ऑफिस गेलं, तरी गप्पच. आणि मोठ्या रस्त्याला लागल्याबरोबर,

"आरसा!" मास्तर गरजले. "तो आरसा काय भांग पाडायला दिलाय? मागे जग आहे, जग! ते मागून बोंबलतंय आणि तू नाकासमोर बघत्येस!"

लेकीच्या अंगावर आनंदाने काटा आला.

"क्लच असा सोडतात? पायात विंचू चावल्यासारखा? कुशीतलं बाळ झोपल्यावर आई हात कसा काढून घेते? तसा काढ पाय! बाळ उठलं नाही पाहिजे!"

"हो बाबा!"

"इंडिकेटर दिलास ना? मग वळ! सांगितलं एकीकडे, चाललीस दुसरीकडे, तू काय निवडणुकीला उभी आहेस? आणि हिरवा दिसला म्हणून उडी मारू नकोस. हिरवा तुला आहे, पण त्या बाजूचा शहाणा लाल असूनही निघालाय, त्याला कोण सांगणार? स्वतःचा दिवा बघ आणि दुसऱ्याचा स्वभाव बघ!"

धरण फुटावं तशी वाक्यं येत होती. एकाहून एक, ताजी, आधी कधीच न ऐकलेली. फक्त एक गोष्ट जरा चमत्कारिक होती. दर वाक्यानंतर मास्तर थोडं थांबायचे. शेजारून ट्रक धडधडत निघाला की म्हणायचे, "थांब, हा जाऊ दे," आणि तो गेला की तेच वाक्य पहिल्यापासून, सुट्टं सुट्टं करून, लेकीच्या खिशाच्या दिशेने वाकून ओरडायचे.

"ऐकू आलं ना? पुन्हा सांगू?"

"पुन्हा सांगा, बाबा!" लेक म्हणायची. बापाचं ओरडणं पुन्हा मागून घेणारी ही पृथ्वीतलावरची पहिलीच पोर असावी.

त्या सगळ्या आनंदात एक गोष्ट तिच्या लक्षात आली नाही. मास्तरांचं तोंड सुटलं होतं, पण पाय मांडीखालीच होता.

लेकीने ती दुपार आणि शुक्रवारचा दिवस मान वर न करता चित्रं काढली. आईने ब्रेकरावाच्या बायकोचा आवाज दिला. संध्याकाळी फिल्म गेली आणि पुढच्या आठवड्यात कॉलेजातून फोन आला. जागा मिळाली होती. फोनवरच्या बाई अजून हसत होत्या. "तो झोपलेल्या बाळाचा क्लच! कुठून सुचतं गं तुला हे? कोण लिहितं?"

"आहेत आमच्या घरचे एक," लेक म्हणाली आणि तिला एकदम भरून आलं.

आता सांगणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी गाडी शिकताना, पोस्ट ऑफिस मागे पडल्यावर, तिने धीर केला.

"बाबा, मला काहीतरी सांगायचंय."

"गाडी चालवताना बोलू नये."

"थांबले तर माझ्याच्याने बोलवणार नाही. मला ॲनिमेशनच्या कॉलेजात जागा मिळाली. मी हिशेबाच्या कोर्सला जाणार नाही."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "हं. हिशेबाचा रस्ता सरळ होता खरा. पण सरळ रस्त्यावर झोप फार लागते. आरसा बघ."

तिने आरसा बघितला.

"आणि बाबा... तो ब्रेकराव आहे ना... तो..."

"ब्रेकराव चांगलाय," मास्तर म्हणाले. "एकच चूक आहे. आपल्या गालिच्याचं ठिगळ गर्द हिरवं नाही. पोपटी आहे."

लेकीचा पाय ब्रेकवर असा पडला, की गाडी भररस्त्यात कचकन थांबली आणि दोघांची नाकं समोरच्या काचेला भेटून आली.

"तुम्हाला... कधीपासून?"

"भिंतीवर एवढा मोठा करून बघितल्यावर आंधळ्यालाही कळेल. अख्ख्या वर्गाला कळलं होतं. मी एकटा शहाणा हसत होतो."

"वाईट वाटलं?"

"वाटलं तर! फार वाटलं. म्हटलं, पोटच्या पोरीने बापाचं हसं केलं. मग पुन्हा लावून बघितला. एकेक करून सगळे बघितले." मास्तर जरा थांबले. इथे ट्रक नव्हता, तरी थांबले. "चष्मा पुसताना मी जिभेचं टोक बाहेर काढतो, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? तू बाहेरून आलीस की आधी तुझ्या चपलांकडे बघतो, दोन्ही आहेत ना म्हणून, हेही काढलंयस. मी आपला रोज ओरडतोय, पोरगी मान वर करून बघत नाही. आणि तू मला बोटाच्या नखापर्यंत बघून ठेवलंस. एवढं तर माझ्याकडे कोणीच कधी बघितलं नाही, पोरी."

लेक स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागली. मागे हॉर्न सुरू झाले होते. सगळ्यांत पुढे परवाना मिळताच घेतलेली डॉक्टरबाईंची कोरी गाडी. खिडकीतून अर्ध्या बाहेर येत त्या ओरडत होत्या, "मास्तर, ब्रेक! तुमच्या शिष्येला सांगा, रस्त्यात ब्रेक लावू नये!"

"म्हणजे त्या दिवशीचं तुमचं ओरडणं मुद्दाम होतं?" लेकीने हुंदका आवरत विचारलं.

"मुद्दाम? छे! सोमवारपासून पोटात साठलं होतं, पोट फुगलं होतं माझं. फक्त सावकाश सोडलं. तुझा मोबाईल खिशात उलटा होता, म्हटलं आवाज जातोय की नाही कोण जाणे."

लेकीला रडता रडता हसू आलं. तिने खाली बघितलं. मास्तरांच्या समोरचा ब्रेक रिकामा होता. उजवा पाय अजून मांडीखाली होता, मुंग्या आल्यामुळे बोटं तेवढी हलत होती. तिचा स्वतःचा पाय मात्र ब्रेकवर गच्च दाबलेला होता.

"बघत्येस काय?" मास्तर गरजले. "रस्ता मोकळा आहे! सोड तो ब्रेक!"

लेकीने आधी आरसा बघितला आणि मग ब्रेक सोडला.